जिवावरचं शेपटावर: ‘डी अँड डी’च्या मोफत नियमांतले हिट पॉइंट

परीक्षण कशाचं: डंजन्स अँड ड्रॅगन्स (‘डी अँड डी’) या टेबलाभोवती बसून, पात्रं घेऊन फाशांवर खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचा मोफत नियमसंच, सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट ५.१. पुढे सगळीकडे ‘एसआरडी’ म्हणू. त्यातलेही फक्त हिट पॉइंट, मार, उपचार आणि मरण.
किंमत: शून्य. ४०३ पानांची इंग्रजी पीडीएफ. छपाईचा खर्च तुमचा.
कोणासाठी: नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या कॅफेत नाहीतर सिडकोतल्या एखाद्या हॉलमध्ये चार-पाच जण जमवून पहिल्यांदा खेळायला बसणाऱ्यांसाठी.

आधी निकाल सांगतो. हिट पॉइंट कसे वाढतात, कसे कमी होतात, संपले की काय होतं, याचे नियम चोख आहेत. पण हिट पॉइंट म्हणजे नक्की काय, हे मात्र एसआरडी एका वाक्यात उरकतं: शरीराची आणि मनाची टिकून राहण्याची ताकद, जगण्याची इच्छा आणि नशीब, यांचं मिश्रण. झालं. इतर पानांवर जखमा भरून काढणारा मंत्र, विषारी डंख आणि कड्यावरून पडल्यावरचा मार येतो, आणि नव्या डीएमची (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगून डाव चालवणारा) पंचाईत होते. व्हिडिओ गेम खेळून आलेल्या पोराच्या डोक्यात ‘हेल्थ’ म्हणजे रक्ताची बाटली असते. २८ पैकी १३ गेले म्हणजे निम्मं रक्त सांडलं, असं तो धरून चालतो. तिथून पुढचं सगळं वर्णन फसतं.

मराठीत यासाठी एक तयार शब्द आहे: दम. तालमीत दोन मल्ल भिडतात तेव्हा पहिल्या मिनिटाला कोणाचं हाड मोडत नाही. पकड निसटते, श्वास फुलतो, एकदा गुडघा टेकतो, एकदा काठावरून परत यावं लागतं. आणि मग एक डाव असा बसतो की पाठ लागते. हिट पॉइंट म्हणजे पाठ लागेपर्यंतचा दम, आणि शून्य म्हणजे पाठ लागणं. प्रत्येक बसलेला वार म्हणजे ‘जिवावरचं शेपटावर निभावलं’. निभावलं, पण शेपूट थोडं आखूड झालं. टेबलावर एवढं एक वाक्य सांगितलं की एसआरडीतले निम्मे नियम आपोआप जागेवर बसतात. तासाभराच्या छोट्या विश्रांतीत हिट डाइस (पात्राच्या वर्गाचे, लेव्हलइतके फासे) टाकून पॉइंट परत मिळवायचे असतात. म्हणजे अक्षरशः दम खायचा.

गोंधळाचं मूळ जुनं आहे. १९७१ च्या ‘चेनमेल’ या सैन्यलढाईच्या खेळात साधा सैनिक एका फटक्यात गारद व्हायचा आणि ‘हीरो’ला पाडायला चार फटके लागायचे. डेव्ह आर्नेसन यांनी जहाजांच्या लढाईच्या खेळांतून ही मोजणी माणसावर आणली आणि १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स यांच्याबरोबर डी अँड डी निघालं, तेव्हा ती कायमची चिकटली. जहाजाला भोक पडतं आणि ते मोजता येतं. माणसाचं तसं नाही. पुढे गायगॅक्स यांनीच १९७८-७९ च्या पुस्तकांत बाजू मांडली की दहाव्या लेव्हलच्या योद्ध्याचे ८५ पॉइंट म्हणजे चार दांडग्या युद्धघोड्यांइतकं मांस नव्हे; त्यातला मोठा वाटा कौशल्य, नशीब आणि दैवी कृपेचा. पण त्याच आवृत्तीत विश्रांतीने दिवसाला १ पॉइंट भरून यायचा. नशीब परत यायला महिना? त्या मानाने आजचा नियम सरळ आहे: ८ तासांची मोठी विश्रांती घेतली की सगळे हिट पॉइंट परत. ‘एका झोपेत जखमा बऱ्या कशा होतात?’ ही तक्रार रक्ताची बाटली धरणाऱ्यांची. दम एका झोपेत परत येतो.

आता हे जवळून बघू. तिसऱ्या लेव्हलचा फायटर (लढवय्या वर्गाचं पात्र), कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) १४, म्हणजे बोनस +२. पहिल्या लेव्हलला फायटरच्या दहामुखी फाशाचे पूर्ण १० + २ = १२. पुढच्या दोन लेव्हलना फासा न टाकता ठरलेला आकडा घेतला तर ६ + २ प्रत्येकी. एकूण २८. अंगात साखळ्यांचं चिलखत, हातात ढाल, आर्मर क्लास (वार बसायला गाठावा लागणारा आकडा) १८. समोर एसआरडीतलाच ओगर हा राक्षस: ५९ हिट पॉइंट, हल्ल्याला +६, गदेचा मार २डी८+४ (दोन आठमुखी फासे अधिक ४), सरासरी १३. ठिकाण तुम्हाला हवं ते ठेवा. पांडवलेण्यांसारख्या कोरीव लेण्याचं तोंड आणि खाली पायऱ्या असतील तर नकाशा काढायचीही गरज नाही, नाशिकच्या प्रत्येक खेळाडूच्या पायांना तो पाठ असतो.

ओगरला लागायला वीसमुखी फाशावर १२ किंवा जास्त हवेत. पहिला वार बसला, मार १३. उरले १५. नवा डीएम इथे म्हणतो, ‘गदा छातीत बसली, दोन बरगड्या मोडल्या.’ आणि पुढच्या पाळीला तोच फायटर पूर्ण ताकदीने, एकही वजाबाकी न करता तलवार चालवतो, कारण नियमात वजाबाकी नाहीच. टेबल हसतं. त्याऐवजी: गदा ढालीवर आली, खांद्यापर्यंत मुंग्या आल्या, तो तीन पायऱ्या मागे ढकलला गेला. दुसरा वार, मार ११, उरले ४. आता तो निम्म्याच्या खाली आहे. याच पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या मूळ पुस्तकाने सुचवलेली विभागणी इथे कामाला येते: निम्म्यापर्यंत अंगावर खूण नाही, निम्म्याच्या खाली खरचटणं, मुका मार, आणि शून्यावर नेणारा वार तेवढा खरा. तेव्हा कपाळ फुटलंय, एका डोळ्यात रक्त उतरतंय, श्वास तोंडाने चाललाय. तिसरा वार, मार १४. चार होते, शून्य झाले, १० वर उरले. हा वार बसला. बरगड्या मोडायच्या तर आत्ता मोडा.

वर उरलेल्या १० चं काय? ते फायटरच्या कमाल २८ पेक्षा कमी आहेत, म्हणून तो जागीच मरत नाही, बेशुद्ध पडतो. एसआरडीत उणे हिट पॉइंट नाहीत. शून्य म्हणजे शून्य. यापुढे त्याच्या प्रत्येक पाळीला एक वीसमुखी फासा: १० किंवा जास्त आले तर यश, कमी आले तर अपयश, तीन यश म्हणजे स्थिर, तीन अपयश म्हणजे मरण. २० पडला तर १ पॉइंट घेऊन शुद्धीवर, १ पडला तर दोन अपयशं. कोणीच मध्ये पडलं नाही तर वाचण्याची शक्यता साधारण ६० टक्के. पण ओगर अजून तिथेच उभा आहे, हे विसरू नका. पडलेल्यावर पाच फुटांच्या आतून हल्ला करताना त्याला ॲडव्हांटेज आहे (दोन फासे टाकून मोठा घ्यायचा), बसलेला वार आपोआप क्रिटिकल धरला जातो आणि शून्यावर असताना क्रिटिकल म्हणजे दोन अपयशं. शिवाय शून्यावर असताना एकाच वारात कमालीइतका, म्हणजे इथे २८ चा, मार पडला तर तिथेच खेळ खलास. क्रिटिकलला फासे दुप्पट होतात: ४डी८+४, सरासरी २२, कमाल ३६. डीएमने पडलेल्याला मारायचं की नाही हे पहिल्या डावाआधीच ठरवून सांगावं. भांडणं बहुतेक याच एका गोष्टीवरून होतात.

वजाबाकी का नाही, हा प्रश्न मल्ल बघितलेला माणूस हमखास विचारतो. दमलेल्याची पकड सैल पडते, मग इथे १ पॉइंटवाला आणि २८ पॉइंटवाला सारखाच कसा लढतो? कारण खेळ म्हणून दुसरा मार्ग वाईट आहे. मार खाल्ला की हल्ला कमजोर, हल्ला कमजोर म्हणून शत्रू जास्त वेळ उभा, म्हणून आणखी मार. ज्याला पहिला वार बसला तो हरला, आणि उरलेला अर्धा तास नुसता औपचारिक. जखमेची वजाबाकी ठेवणारे खेळ आहेत आणि त्यांची मजा वेगळी आहे. पण तिथे शहाणी माणसं लढाई टाळतात. इथे दर रविवारी सकाळी मिसळ खाऊन लोक लढायलाच बसलेले असतात. हा निर्णय आम्हाला पटतो.

न पटणारी गोष्ट उपचारांची. क्युअर वून्ड्स हा पहिल्या पातळीचा मंत्र १डी८ + बोनस भरून काढतो. बोनस +३ धरला तर सरासरी ७.५. ओगरचा एक वार सरासरी १३ चा. म्हणजे लढाई चालू असताना उपचार करणं हा घाट्याचा सौदा. खेळाडूंना हे तिसऱ्या-चौथ्या डावात कळतं, आणि मग ते उभ्या माणसाला हात लावत नाहीत. पडू देतात. पडला की हीलिंग वर्ड: ६० फुटांवरून, बोनस ॲक्शनमध्ये (पाळीतली जादा छोटी कृती), १डी४+३. उणे हिशोब नसल्यामुळे वर गेलेला सगळा मार फुकट गेला, आणि ५-६ पॉइंटवर गडी परत उभा. ओगर पुन्हा पाडतो, क्लेरिक (उपचार करणारा पुरोहित) पुन्हा उठवतो. शाळेत मास्तर काढायला लावायचे तशा उठाबशा. वर सांगितलेलं ‘शून्यावर नेणारा वार तेवढा खरा’ हे गणित यात पार बुडतं, कारण एका लढाईत एकाच माणसाच्या बरगड्या तीनदा कशा मोडणार?

यावर टेबलांवर चालणारा एक घरगुती नियम आहे आणि तो लावाच: जो शून्यावर जाऊन उठेल त्याला एक पातळी थकवा. थकव्याच्या सहा पातळ्या एसआरडीतच दिल्या आहेत, सहाव्या पातळीला मरण. पहिल्या पातळीला फक्त क्षमतांच्या चाचण्यांवर डिसॲडव्हांटेज (दोन फाशांतला लहान घ्यायचा) येतं, दुसऱ्या पातळीला वेग निम्मा, तिसऱ्यापासून हल्ल्यावर परिणाम. मोठ्या विश्रांतीत एकच पातळी उतरते, तीही अन्नपाणी मिळालं तर. उठाबशा लगेच थांबतात, आणि पडणं म्हणजे काहीतरी झालं हे जाणवतं.

दमाचा अर्थ कुठे टिकत नाही, तेही सांगायला हवं. विष घ्या. जायंट स्पायडरचा चावा १डी८+३, आणि वर डीसी ११ ची (फाशावर बोनस धरून ११ गाठायची) कॉन्स्टिट्यूशन चाचणी हुकली तर २डी८ विषाचा मार. चावा ‘थोडक्यात हुकला’ असं म्हटलं तर विष शिरलं कुठून? म्हणून नियम असा ठेवा: वाराबरोबर विष, रोग किंवा पकड येत असेल तर तो वार बारीक का होईना, कातडीपर्यंत पोचलाच. नखभर ओरखडा पुरतो.

पडण्याचा नियम याहून विनोदी. दर १० फुटांना १डी६, कमाल २०डी६. म्हणजे २०० फुटांच्या पुढे कितीही उंची असो, सरासरी ७०, जास्तीत जास्त १२०. कॉन्स्टिट्यूशन २० असलेल्या विसाव्या लेव्हलच्या फायटरचे ठरलेल्या आकड्यांनी २२४ होतात. तो हरिहर किल्ल्याच्या त्या उभ्या पायऱ्यांवरून थेट दरीत पडला तरी कपडे झटकून पायथ्याच्या निरगुडपाड्याला चहाला हजर. इथे नशीब, दम, दैवी कृपा, काहीही सांगितलं तरी पहिल्यांदा ऐकणारा हसणारच. करवंदीच्या जाळ्यांत अडकत अडकत आला, असं वर्णन करून डीएमने पुढे जावं. नियम बदलायला जाऊ नये, कारण अशा उंचीवरून पडणारे बहुतेक जण पाचव्या लेव्हलच्या आतले असतात आणि त्यांचा निकाल बरोबर लागतो.

‘क्युअर वून्ड्स’ या नावाला मात्र इलाज नाही. मंत्र जखमा भरतो म्हणतो आणि परत देतो दम. नाव जुन्या काळापासून चालत आलंय.

पहिल्या लेव्हलला सगळ्यात जास्त सांभाळायचं. कॉन्स्टिट्यूशन १४ च्या विझर्डला ६ + २ = ८ पॉइंट. बगबेअर या राक्षसाचा वार २डी८+२. शून्यावर जाऊन वर कमालीइतका, म्हणजे ८ मार उरला की जागीच मरण, त्यासाठी एकूण १६ लागतात. साध्या वारात ती शक्यता ६४ पैकी ६, म्हणजे नऊ टक्क्यांच्या आसपास. पण बगबेअरने दबा धरून गाठलं तर पहिल्या फेरीत वर आणखी २डी६ मिळतात, आणि वार बसला की १६ गाठणं निम्म्याहून खूप जास्त वेळा होतं. डाव सुरू होऊन वीस मिनिटं, खेळाडूने दोन दिवस बसून कागद रंगवलेला, आणि मृत्यूचा एकही फासा न टाकता पात्र संपलं. एसआरडी याबद्दल चकार शब्द काढत नाही. जागीच मरणाचा नियम तिसऱ्या लेव्हलपर्यंत बंद ठेवा, किंवा दबा धरायला गॉब्लिन ठेवा: ७ पॉइंट, मार १डी६+२, कमाल ८. मग विझर्ड पडतो, पण साध्या वारात जागीच मरत नाही.

हिशोबात नेहमी चुकणाऱ्या गोष्टी पटकन. टेंपररी, म्हणजे तात्पुरते जादा हिट पॉइंट एकावर एक चढत नाहीत. ५ असताना ८ मिळाले तर ५ ठेवा किंवा ८ घ्या, १३ नाही. मार आधी त्यातून जातो, आणि शून्यावर पडलेला त्यांनी शुद्धीवर येत नाही. निम्मा मार करताना खालचा पूर्णांक. क्रिटिकलला फासे दुप्पट, बोनस नाही. मोठ्या विश्रांतीत हिट डाइस एकूण संख्येच्या निम्मेच परत येतात, किमान एक. इथे सगळे परत घेऊन टाकणारी टेबलं ढीगभर आहेत. कॉन्स्टिट्यूशनचा बोनस एकाने वाढला की आधीच्या प्रत्येक लेव्हलचा एक-एक पॉइंट मिळतो, हे तर बहुतेकांना माहीतच नसतं. आणि डीएमने राक्षसांचे पॉइंट वजा करत बसू नये. शून्यापासून मार चढता लिहावा: ओगर ९, १७, ३१… ५९ गाठले की पडला. बेरीज वजाबाकीपेक्षा लवकर होते आणि खोडरबर लागत नाही.

जाता जाता: ‘रोग’ (इंग्रजी rogue) नावाचा वर्ग देवनागरीत लिहिला की वाचणारा दचकतो. ‘रोगाला आठ पॉइंट दे’ हे वाक्य शेजारच्या टेबलावर कसं ऐकू जात असेल, विचार करा. सरळ ‘चोर’ म्हणा.

मांडणीला गुण कमी. एकाच प्रसंगाला लागणारे नियम तीन ठिकाणी विखुरलेत: मार आणि मरण लढाईच्या प्रकरणाच्या शेवटाकडे, विश्रांती त्याच्या आधीच्या प्रकरणात, आणि ‘बेशुद्ध’ या अवस्थेचा अर्थ, ज्याच्यावर वरचं क्रिटिकलचं सगळं गणित उभं आहे, तो पार मागे, परिशिष्टात. पहिल्या डावाला ४०३ पानं छापू नका. ही तीन ठिकाणं, थकव्याचा तक्ता आणि आपापल्या वर्गाचं पान एवढंच झेरॉक्सवाल्याकडून पाठपोट काढून घ्या. प्रत्येक वर्गाचा हिट डाय तिथेच दिलाय: बार्बेरियन डी१२, फायटर, पॅलाडिन, रेंजर डी१०, विझर्ड आणि सॉर्सरर डी६, बाकी सगळे डी८. सात फाशांचा संच नसेल तर लेव्हल चढताना ठरलेला आकडा घ्या: ७, ६, ४, ५ याच क्रमाने. तो सरासरीपेक्षा अर्ध्याने जास्तच पडतो, आणि विझर्डच्या नशिबी १ येऊन आठवडाभर तोंड पाडून बसण्याची वेळ येत नाही.

एसआरडी ५.१ जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी-बाय ४.० परवान्यावर आहे. श्रेय दिलं की भाषांतर करा, छापा, विकलं तरी चालतं. मराठी टेबलांसाठी ही पीडीएफमधली सगळ्यात मोलाची गोष्ट, आणि हिट पॉइंटचं प्रकरण भाषांतराला घ्यायला सगळ्यात सोपं.

एप्रिल २०२५ मध्ये ५.२ आलं, तेही याच परवान्यावर. त्यात क्युअर वून्ड्स २डी८ आणि हीलिंग वर्ड २डी४ झालं, औषधाची कुपी बोनस ॲक्शनमध्ये पिता येते, मोठ्या विश्रांतीत हिट डाइस सगळे परत मिळतात, आणि निम्म्यावर आलेल्याला ‘ब्लडीड’ असं नियमातलं नाव मिळालं. घाट्याचा सौदा बराचसा सुधारला. नव्याने सुरू करणाऱ्यांनी ५.२ च घ्यावं. मात्र एकाच टेबलावर एकाच्या हातात ५.१ आणि दुसऱ्याच्या हातात ५.२ असं होऊ देऊ नका: एकाचा क्लेरिक ७.५ भरेल, दुसऱ्याचा १२, आणि पहिलावाला फासे बदलून मागेल. थकव्याचे नियमही दोन्हींत वेगळे आहेत, तेव्हा वरचा घरगुती नियम लावताना ज्या पीडीएफवर खेळताय तिचाच तक्ता टेबलावर ठेवा.